सरपणाला छप्पर

अर्जदाराचे संपूर्ण नाव साळूबाई रंगनाथ येळवंडे. लिंग स्त्री. वय आधारकार्डाप्रमाणे एकाहत्तर, स्वतःच्या अंदाजाप्रमाणे बासष्ट-त्रेसष्ट. बाहत्तरच्या दुष्काळात सुकडीच्या रांगेत आपल्या पायांवर उभं राहण्याइतकी ती मोठी होती, एवढंच तिला नक्की आठवतं. शिक्षण निरंक. व्यवसाय शेतमजुरी, हंगामी, मुख्यत्वे कांद्याची काटणी. स्थावर मालमत्ता एक खोलीचे माळवद. जंगम मालमत्ता शेळ्या दोन, पैकी एक भाकड. स्वयंपाकाचे इंधन गॅस (कागदोपत्री), लाकूड (प्रत्यक्षात). पती हयात, दमेकरी. अपत्य एक, मुलगा, सुप्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. उंची चार फूट दहा इंच. ही माहिती नमुन्यात कुणी विचारलेली नाही.

वरील तपशील खरा असल्याचं तिने स्वतः जाहीर केलेलं आहे. अंगठा मशीनवर उमटत नव्हता. चाळीस वर्षं कांद्याच्या मुंड्या कापून अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या होत्या. म्हणून मशीनने तिचे डोळे तपासले आणि ती तीच असल्याची खात्री करून घेतली.

हे गाव घोडेगावपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. खालच्या आळीला, हातपंपाच्या पलीकडे साळूबाईचं माळवद. आत शिरल्यावर डाव्या कोपऱ्यात चूल, उजवीकडे दर्शनी भिंतीला रंगनाथची बाज, दोहोंच्या मध्ये सहा फूट जमीन. धूर जायला माळवदाला वर सवणं ठेवलेलं होतं. पावसाळ्यात मात्र त्या भोकावर घमेलं उपडं घालावं लागे, नाहीतर पाणी नेमकं चुलीवर. त्यामुळे वर्षाचे आठ महिने धूर आभाळात जाई आणि उरलेले चार महिने रंगनाथच्या छातीत.

गेल्या वर्षीच्या आषाढात तो जरा जास्तच गेला. सरपण बाहेर भिंतीशी रचलेलं होतं, वर खताच्या रिकाम्या गोण्या टाकलेल्या. गोण्यांना भोकं होती. ओली वेडी बाभूळ पेटत नाही, ती फसफसते. एका टोकाला जाळ लावला की दुसऱ्या टोकातून फेस येतो. साळूबाई फुंकणी घेऊन फुंकत राहिली. भाकरीचं पीठ मळून तासभर झाला तरी तवा तापेना, आणि मागे बाजेवर रंगनाथचा श्वास सायकलच्या पंपासारखा वाजायला लागला. टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. जिल्ह्याचं नाव तोवर बदललं होतं, पण टेम्पोवाला अजून नगरलाच जात होता.

नऊ दिवसांनी सोडताना डॉक्टरने विचारलं, "घरात चूल आहे का?"

"हाय की."

"मग पेशंट कुठे झोपतो?"

"घरातच. घर असताना भाईर कशाला निजवू?"

डॉक्टर तरुण होता. त्याने पेन खाली ठेवलं. "आजी, वेगळं स्वयंपाकघर करा. नाहीतर गॅस वापरा. अजून एक पावसाळा असा धूर खाल्ला तर मी इथं काही करू शकणार नाही."

साळूबाईने मान डोलावली. गॅस होता. सरकारने दिलेली टाकी पहिल्याच वर्षी संपली. ती भरून आणायची गोष्ट दर महिन्याला निघायची आणि पुढच्या महिन्यावर जायची. दरम्यान तिच्यावर पिठाचा डबा ठेवायची चांगली सोय झाली होती. वेगळं स्वयंपाकघर करायला आधी घर असावं लागतं, खोली नव्हे. डॉक्टरचे दोन्ही सल्ले योग्यच होते. साळूबाईने येताना टेम्पोत बसून त्यातून तिसरा काढला. लाकूड वाळलेलं पाहिजे. वाळल्या लाकडाला धूर नाही. धूर नाही तर दमा नाही. आणि लाकूड वाळलेलं राहायला त्याच्या डोक्यावर छप्पर पाहिजे.

कांद्याची लागवड आटोपून हाताला जरा उसंत मिळाली तेव्हा माघ उजाडला होता. तिने नबीलालला बोलावणं धाडलं.

नबीलाल शेख बैलांना पत्री मारायचा. बैल आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, खुराखाली लोखंडी पत्री ठोकायची आणि बैल उभा राहायच्या आत बाजूला व्हायचं, हा त्याच्या घराण्याचा धंदा. घोडेगावच्या बाजारात त्याची चार पत्र्यांची टपरी होती. रंगनाथच्या बैलांच्या तीन जोड्या त्याच्या हाताखालून गेल्या. पुढे रंगनाथकडे बैल राहिले नाहीत, मग गावात राहिले नाहीत, मग बाजारातही गाई-म्हशीच जास्त यायला लागल्या. दुभत्या गाईला पत्री लागत नाही. नबीलालने टपरी मोडून पत्रे घरामागे टेकवून ठेवले आणि तो शेळ्या राखायला लागला.

"वैनी, घर बांदायचं का गोठा?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"सरपणाला छप्पर."

"सरपणाला?" नबीलालने टोपी मागे सारली. "मालक माळवदाखाली भिजतोय अन् लाकडाला पत्रा घालताय व्हय?"

"मालक भिजला तर पुसता येतो. लाकूड पुसून पेटत न्हाई."

बाजेवरून रंगनाथ म्हणाला, "नबू, तू आपलं तिचं ऐक. ह्या घरात लाकडानंतर माझा नंबर हाय. म्या चाळीस वर्षांत तक्रार केली न्हाई." एवढं बोलून त्याला थांबावं लागलं. उरलेली थट्टा त्याने हातवाऱ्यांनी केली.

माळवदाच्या उजव्या अंगाला पूर्वी बैल बांधायचे ती जागा होती. दगडी फरशी तशीच, दावणीचा खुंटा तसाच. तिथं दोघांनी तीन दिवस काम केलं. बाभळीच्या चार मेढी नबीलालने तोडून आणल्या, त्यांची खालची टोकं जाळात काळी केली आणि ट्रॅक्टरचं जळकं ऑईल पाजलं, म्हणजे वाळवी लागत नाही. जमिनीवर दगड मांडून त्यावर दोन आडवी लाकडं टाकली. सरपण जमिनीला टेकता कामा नये, खालून वीतभर वारा गेला पाहिजे. बाजूंना आणि मागे तुऱ्हाट्यांचा कूड. तो त्याने बोट जाईल इतका विरळ बांधला.

साळूबाईने शेणाचा गोळा हातात घेतला तेव्हा नबीलाल ओरडलाच. "अवो, सारवू नका. लाकडाला वारा पायजे."

"असा उघडाबोडका कूड ठिवायचा? लोक काय म्हणतील?"

"लोक काय लाकडाला बघायला येनार हायेत का?"

उंचीवरून पुन्हा वाद झाला. साळूबाईचं म्हणणं, माणूस उभं राहील इतकं तरी करावं, वाकून लाकडं काढून कंबर मोडते. नबीलालने बाजारात आयुष्य काढलेलं असल्यामुळे तो घासाघीस करत नसे, सरळ नकार देई. "पाऊस तिरका येतो वैनी. जितकं उंच कराल तितकं आत भिजनार. पुढून चार फूट, मागून तीन. पानी मागं पडंल, वारा पुढून शिरंल. अन् तुमाला काय त्यात ऱ्हायचंय का?"

तिला त्यात राहायचं नव्हतं. तिने पुढून चार फूट मान्य केलं.

पुढची बाजू उघडी होती. पावसाच्या सरीपुरता तिथं पडदा हवा, म्हणून नबीलालने स्टँडवरून एक फ्लेक्स आणला. तालुक्यातल्या कुणा युवा नेतृत्वाचा वाढदिवस उलटून चार महिने झाले होते आणि नेतृत्व एका दोरीवर लोंबत होतं. फोटोतला माणूस हात जोडून हसत होता. साळूबाई म्हणाली, परक्या माणसाचं तोंड आपल्या दारात नको. मग तोंड आतल्या बाजूला आणि पांढरी पाठ बाहेर, असा फ्लेक्स वरच्या वाशाला बांधला. गुंडाळून वर करता येई, सोडला की जमिनीपर्यंत येई.

वर नबीलालच्या मोडलेल्या टपरीचे पत्रे घातले, त्यांची भोकं डांबराने बुजवली. विकत आणलेली वस्तू खिळे आणि तार, एवढीच. बाकी सगळं कुणी ना कुणी टाकून दिलेलं होतं. सरपण आत रचून झाल्यावर फ्लेक्स खाली सोडला आणि साळूबाई लांब हातपंपापाशी जाऊन बघत राहिली. चकचकीत पांढरं अंग, वर पत्रा, चारी मेढी ओळंब्यात. लग्न होऊन आल्यापासून तिच्या नावावर उभं राहिलेलं हे पहिलं बांधकाम. तिने घरात जाऊन हळद कालवली आणि त्या पांढऱ्या फ्लेक्सवर पाच बोटांचे पाच ठसे उमटवले. नवं छप्पर घातल्यावर घातल्याची खूण करावी लागते.

"आता सत्यनारायन घाल," रंगनाथ म्हणाला. "लाकडास्नी जोड्यानं बशीव पूजेला."

चैत्र संपता संपता घरकुलाचा सर्वे आला. गावातला आदिनाथ, पंचायतीचा रोजगार सेवक, मोबाईल घेऊन घरोघर हिंडत होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, आळीतलाच, साळूबाईला काकू म्हणणारा. त्याच्याकडे रोज पंचवीस घरं आणि एकच मोबाईल.

घरकुल ही गोष्ट साळूबाईने तोवर मनावर घेतलेली नव्हती. पण आदिनाथने दोन खोल्या म्हटलं आणि तिला डॉक्टर आठवला. एका खोलीत चूल, एका खोलीत बाज. मध्ये भिंत. ती एकदम कामाला लागली.

"काकू, फोटो काढायचाय. काका अन् तुमी घरापुढं बसा."

"कुनाला दावनार ह्यो फोटू?"

"वर जातोय. तालुक्याला, मग मंबईला, मग दिल्लीला."

साळूबाईने घराकडे बघितलं. समोरच्या भिंतीला पोट आलं होतं, त्याला बाहेरून बाभळीचं लाकूड टेकू दिलेलं. दारावर धुराचा काळा पट्टा. उंबऱ्यापाशी शेळीने घाण केलेली. पाहुणा आला तर माणूस आधी ओटा झाडतो. इथं दिल्ली येत होती. फोटो गरिबीचा काढायचा असतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ते ऐकलं असतं का, याची खात्री देता येत नाही.

"तिथं नगं," ती म्हणाली. "हितं बसतो आमी."

तिने बाज ओढत छपरापुढे नेली, फ्लेक्स खाली सोडला, रंगनाथला धुतलेला सदरा घातला, डोक्याला टोपी घातली. स्वतः भाचीच्या लग्नातलं लुगडं नेसून आली. दोघं बाजेवर बसले. रंगनाथला फार वेळ उभं राहवत नव्हतंच.

आदिनाथ म्हणाला, "अवो घर तिकडं हाय ना."

"दोन्ही आमचंच हाय. तू काढ."

आदिनाथने मोबाईल घरापाशी धरून पाहिला. "हितं रेंज न्हाई," तो म्हणाला. छपरापाशी दोन काड्या दिसत होत्या. ॲप रेंज असल्याशिवाय फोटो घेत नव्हतं आणि दुपारचे दोन वाजले होते आणि अजून अकरा घरं राहिली होती. त्याने गुडघा टेकून फोटो काढला. फोटोत बाजेवर बसलेलं एक नीटनेटकं म्हातारं जोडपं, मागे हळदीच्या ठशांची पांढरीशुभ्र भिंत आणि वर पत्र्याचं छत. दोघांपैकी कुणी उभं असतं तर त्याचं डोकं छताच्या वर दिसलं असतं. दोघंही बसलेली होती.

त्यानंतरचे तीन महिने सांगण्यासारखे आहेत, आणि त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पाऊस आला. सरपण कोरडं राहिलं. बाभूळ कडकड वाजत पेटली, भाकरी वेळेवर झाली, सवण्यावर घमेलं असूनही खोलीत डोळे उघडे ठेवून बसता येत होतं. आषाढ रंगनाथने घरातच काढला. एकदा तो नबीलालबरोबर मारुतीच्या पारापर्यंत चालत गेला आणि तिथं बसून त्याने सगळ्यांना सांगितलं की आपल्या बायकोने लाकडांना बंगला बांधलाय. साळूबाई लाकूड काढताना दरवेळी एक ढलपी हातात घेऊन दुसरीवर वाजवून बघे. वाळलेलं लाकूड खणखणतं. तिला तो आवाज आवडायला लागला होता.

श्रावणात पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. साळूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती आदिनाथच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"काकू, तुमचं नाव वगळलंय," आदिनाथ म्हणाला. तो कॉम्प्युटरकडे बघत होता.

"का?"

"अपात्र दावतंय. 'भिंत पक्की, रंगविलेली. छत पत्रा. सद्यःस्थिती उत्तम.'"

"आमच्या घराला पत्रा कुठाय?"

आदिनाथने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. साळूबाई वाकून बघत राहिली. रंगनाथची टोपी सरळ होती. लुगड्याचे काठ उठून दिसत होते. तिने स्वतःचा फोटो आधारकार्ड सोडून कुठं पाहिलेला नव्हता.

"झ्याक आलाय," ती म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. "ह्ये सरपणाचं हाय."

"मला म्हाइत हाय. वरच्यांना कसं कळनार? ते फोटू बघत्यात अन् टिक मारत्यात." आदिनाथने आवाज खाली आणला. "मी म्हनलो हुतो काकू, घरापुढं बसा म्हनून."

"म्हनला हुता."

ती कबूल झाल्यामुळे आदिनाथचीच पंचाईत झाली. कुणी भांडलं असतं तर त्याला काही बोलता आलं असतं. मग साळूबाई म्हणाली, "पर रेंज तिथं न्हाई, ह्ये बी तूच म्हनला हुता."

"म्हनलो हुतो," आदिनाथ म्हणाला.

दोघांचं अशा रीतीने समाधान झाल्यावर त्याने हरकतीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दिला. सदर बांधकाम हे निवासी नसून सरपण साठविण्याचे छप्पर आहे, तरी प्रत्यक्ष स्थळपाहणी होऊन न्याय मिळावा. तिने डोळ्यांऐवजी यावेळी शाईचा अंगठा दिला. कागदाला तो चालला.

"कवा येत्याल?"

"येत्याल की. दोन-एक महिन्यांत."

भाद्रपदाच्या शेवटी पाऊस लागला तो तीन दिवस थांबला नाही. माळवदाची माती पाणी पिऊन जड झाली. आत सात ठिकाणी गळत होतं आणि घरात भांडी पाच होती. चौथ्या दिवशी सकाळी साळूबाई बाहेर आडोशाला शेळीची धार काढत होती आणि चुलीपाशी लाकूड संपलं होतं. ती तिथूनच ओरडली, "अवो, बसून काय ऱ्हायलाय, दोन लाकडं तरी आना." रंगनाथ कुरकुरत उठला, पोतं डोक्यावर घेतलं आणि छपरापाशी जाऊन वाकला. तेवढ्यात समोरची भिंत बाजेवर बसली. तिचा आवाजही फार झाला नाही, ओली माती होती ती. तिच्यामागोमाग माळवदाचा अर्धा भाग आला.

रंगनाथ हातात दोन लाकडं धरून बघत उभा होता. दोन्ही कोरडी होती.

पंचनामा झाला. तीन भिंती उभ्या असल्यामुळे पडझड अंशतः धरण्यात आली. कानिफनाथचा, म्हणजे मुलाचा, सुप्याहून फोन आला. "आये, इकडं या तुमी दोघं," तो म्हणाला आणि लगेच म्हणाला, "खोली दहा बाय दहाची हाय, पन बघू. हितं धूळ लई हाय, आन्नाला सोसंल का?" साळूबाई म्हणाली, न्हाई सोसायची. दोघांनीही सुटकेचा श्वास टाकला आणि नातीचं, म्हणजे संस्कृतीचं, आणि तिच्या शाळेचं विचारून फोन ठेवला.

नबीलाल धावत आला. त्याच्या दोन खोल्यांत त्याची बायको, मुलगा, सून आणि नातवंडं होती. "चला माझ्याकडं," तो म्हणाला. "पोराला, परवेझला, पडवीत निजवतो."

रंगनाथने मान हलवली. "नबू, चार दिस असतील तर मानूस कुनाकडं बी जातो. ह्याला चार दिस म्हनता येतंय का?"

नबीलालने पडलेल्या भिंतीकडे पाहिलं.

गावात कोरडी जागा एकच होती, निदान त्यांच्या मालकीची. साळूबाईने फ्लेक्स गुंडाळून वर केला आणि सरपण बाहेर काढायला सुरुवात केली. नबीलाल मदत करू लागला तर तिने त्याला करू दिली नाही. एकेक लाकूड काढून तिने पाण्यात, पडक्या भिंतीच्या कडेला रचलं. साल वरच्या अंगाला, दोन लाकडांत फट ठेवून, जसं नबीलालने शिकवलं होतं तसं. वर टाकायला काही उरलं नव्हतं. गोण्या रंगनाथच्या अंथरुणाखाली लागणार होत्या. पाऊस पडत होता. लाकडांचा रंग बघता बघता पालटला.

मग मातीखालून उकरून काढलेली बाज दगडांवरच्या आडव्या लाकडांवर टाकली. बाजेचे पाय कापावे लागले, नाहीतर रंगनाथला पत्रा नाकाला लागत होता. उरलेल्या जागेत साळूबाई मुटकुळं करून निजे. कूड विरळ होता, वारा छान खेळत होता. लाकडासाठी तो उत्तमच होता. फ्लेक्स खाली सोडला की आत अंधार होई आणि रंगनाथच्या तोंडासमोर युवा नेतृत्व हात जोडून हसे.

"ह्यो मानूस काय मागतोय गं?" पहिल्या दिवशी रंगनाथने विचारलं.

"शुभेच्छा देतोय. वाचून दावलं हुतं पोरांनी."

"द्या म्हनावं."

चूल पावसात बाहेर पेटेना, म्हणून ती फ्लेक्सच्या आतल्या कडेला आणली. लाकूड ओलं. फेस येऊ लागला. धूर चार फुटांच्या पत्र्याखाली फिरून कुडाच्या फटींतून जमेल तसा जाई. रंगनाथ तोंडावर टॉवेल धरून कुशीवर वळून निजे आणि श्वास पुन्हा वाजायला लागला. साळूबाई दोन वेळची चूल एक वेळेवर आणून बघू लागली. नगरचा डॉक्टर तिला अधूनमधून आठवे, पण त्याला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. त्याने सांगितल्यापेक्षा उलट काही तिने केलेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी चार दिवस स्थळपाहणी आली. तालुक्याहून एक बाई आल्या, सोबत आदिनाथ. पाऊस भुरभुरत होता. बाई चिखलातून चालत आल्या, चपला हातात घेऊन. त्या मनाने वाईट नव्हत्या. त्यांच्याजवळ टॅब होता आणि त्यात सहा प्रश्न होते.

"आजी, तुम्ही सध्या कुठं राहता?"

साळूबाईने छपराकडे बोट केलं.

"यातच?"

"व्हय."

"किती दिवस झाले?"

"महिना हुईल."

आदिनाथ मध्ये पडला. "म्याडम, ह्ये सरपणाचं छप्पर हाय. अर्जात तसंच लिवलंय. घर त्ये पडलंय तिकडं."

"पडलेल्याची नोंद वेगळ्या खात्यात होते, त्याचा माझ्याकडे रकाना नाही." बाईंनी टॅब पुसला. "मला एवढंच तपासायचंय की फोटोतलं बांधकाम राहण्याचं आहे की सरपणाचं. सरपणाचं आहे म्हणता, मग सरपण कुठंय?"

आदिनाथने पाहिलं. बाईंनीही पाहिलं. सरपण पडक्या भिंतीच्या कडेला पावसात नीट रचलेलं होतं, साल वर करून.

"सरपण बाहेर आहे आणि माणसं आत आहेत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "मी काय लिहू, तुम्हीच सांगा आजी."

साळूबाईने विचार केला. खोटं सांगायचं तर काय सांगायचं, हेही कळायला हवं. सरपण आत ठेवून रंगनाथला बाहेर भिजत बसवायला हवं होतं, असं तिच्या ध्यानात आलं. पण आता उशीर झाला होता, आणि आधी कळलं असतं तरी तिने ते केलं नसतं. आतून खोकल्याचा आवाज आला, मग दम्याची शिट्टी.

"जे हाय ते लिवा," ती म्हणाली.

बाईंनी फोटोसाठी आत जायचा प्रयत्न केला, पण डोकं पत्र्याला लागलं. मग त्यांनी बाहेरूनच, फ्लेक्स सोडायला सांगून, घेतला. हळदीचे ठसे पावसाने फिके झाले होते तरी पाचही मोजता येत होते. जाताना बाईंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून साळूबाईच्या हातात ठेवला. हातपंपापाशी थांबून आदिनाथने वळून पाहिलं.

शेरा तिसऱ्या दिवशी आला. प्रत्यक्ष स्थळपाहणीत अर्जदार पतीसह सदर पत्राछत निवाऱ्यात सलग वास्तव्यास असल्याचे आढळून आले. बांधकाम सुस्थितीत असून मानवी वास्तव्यास योग्य आहे. मूळ नोंद बरोबर असल्याने हरकत निकाली काढण्यात येत आहे.

छप्पर पुढून चार फूट उंच आहे, मागून तीन.